उभ्या दाताला हात नाही

"नखांचा गोंद? पोरीच्या तोंडात नखांचा गोंद घातलास?"

"हळू बोला, एप्पाक," मुलगा बापाला म्हणाला. "बाहेर गिऱ्हाईक उभं आहे."

"उभं राहू दे. त्यालाही येऊ दे वास!"

मुहदारबाबांनी, गिऱ्हाइकांच्या 'पाक मुहदारांनी', हातातला दात बघायचा आरसा वाटीत आपटला. जावा बेटावरच्या मलांग शहरात बाजाराला चिकटलेलं त्यांचं कवळ्यांचं दुकान दोन खुर्च्यांचं. त्यातल्या एका खुर्चीत चौदा वर्षांची लारास, शाळेच्या निळ्या-पांढऱ्या गणवेशात, आ वासून बसली होती. बापलेकांचं भांडण तिच्या डोक्यावरून चाललं होतं आणि तोंड मिटायचं की नाही, हे तिला कोणी सांगत नव्हतं.

ती आली होती रबरं बदलायला. दातांवरच्या तारेची निळी रबरं काढून जांभळी लावायची होती, कारण शनिवारी वर्गाचा निरोपाचा फोटो होता. तार बसवणारा त्यांचा मुलगा रोफिकी कॉफी प्यायला गेला होता, म्हणून म्हातारा म्हणाला, "आ कर बघू." तिने आ केला आणि मुहदार खुर्चीसकट मागे सरकले.

तारेखाली काहीतरी पिवळट, मऊ, लोण्यासारखं थापलेलं होतं. त्यात पालेभाजीचा एक काळा पडलेला दोरा. हिरड्या सुजून तारेवर चढलेल्या, पिकून फुटलेल्या पेरूसारख्या लाल. आणि वास! टोफूवाल्याच्या मागचं गटार उपसतात त्या दिवशी येतो तसला. नाक दाबूनच मुहदारांनी रोफिकीचा खण ओढला, तर आत खोटी नखं चिकटवायच्या गोंदाची बाटली; तेवढ्यात तो परतला.

खरं तर चाळीस वर्षं लोकांच्या तोंडांवर पोट भरलेल्या या माणसाला तोंडांचीच किळस होती. गिऱ्हाइकाने आधी बाहेर लवंगेच्या पाण्याने तीन चुळा भरायच्या, मगच खुर्चीत बसायचं. दुरुस्तीला आलेली जुनी कवळी ते चिमट्याने उचलत. घरी जेवायला भिंतीकडे तोंड करून बसत. दुसऱ्याचं चावणं बघवत नसे. "लग्नाआधी यांनी माझे दात पाहिले," बायको शेजारणींना सांगे, "चेहरा पाहिला पोरगं झाल्यावर." पण या किळसेपायीच त्यांची कवळी आरशासारखी लखलखीत असे. आणि मधुरा बेटावर बापाने कवळीच्या साच्याचं मेण वितळवायला शिकवलं, तेव्हा दिलेली ताकीद त्यांनी एकदाही मोडली नव्हती: आपण पडलेल्या दातांचे कारागीर, उभ्या दाताला हात लावायचा नाही.

रोफिकी गेलं वर्षभर फक्त उभ्या दातांनाच हात लावत होता.

"कवळीवाले म्हातारे मरतायत, एप्पाक," तो आता म्हणाला. "पोरी जिवंत आहेत. त्यांना तार हवी असते. डॉक्टरकडे जायचं तर यांच्या बापाला मोटरसायकल विकावी लागेल."

"तार वाकड्या दाताला लावतात. हिचे दात सरळ होते!"

"फोटोत छान दिसते."

"छान? ये, इथे नाक आण. आण ना!"

रोफिकीने नाक आणलं नाही.

लारासला वाटलं, आपल्यावर आळ येतोय. तिने घाईघाईने तोंड मिटलं. "पाक, मी काळजी घेतली हो. शप्पथ. पाच महिन्यांत एकदासुद्धा ब्रश लावला नाही."

मुहदारांना ऐकू आलेलं खरं वाटेना. "काय नाही लावला?"

"ब्रश. रोफिकीदादा म्हणाले, घासलं की तार निघते. मी नुसत्या पुदिन्याच्या गोळ्या चघळते." ती कौतुकाची वाट बघत थांबली. मग हळूच म्हणाली, "फक्त हा पुढचा एक थोडा हलतो. तो फोटोपर्यंत राहील ना?"

मुहदारांनी आरशाची दांडी त्या दाताला जेमतेम टेकवली. दात डुलला. कडेने पाण्यासारखा पू आला.

रोफिकीने पकड उचलली. "काढून टाकतो मी. दोन मिनिटं."

"ठेव!" मुहदारांनी ती हिसकावून घेतली. "गोंदासकट दात हातात येईल. सरकारी दवाखाना बारापर्यंत उघडा असतो. आत्ता गेलो तर डॉक्टरबाई वाचवतील कदाचित. पण त्या पहिलं विचारतील, कशाने चिकटवलं? तू चल. तू सांग."

"वेड लागलंय तुम्हाला? उद्या दुकानाला टाळं लागेल." रोफिकीने बाहेरच्या पाटीकडे बोट केलं. लाल ओठ, पांढरे दात, खाली मोठ्या अक्षरांत मुहदार. "तिथे माझं नाव नाहीये, एप्पाक. तुमचं आहे."

मुहदारांनी मान वळवून पाटीकडे बघितलं. मग चिमट्याने गोंदाची ती गुलाबी इवलीशी बाटली उचलली, कागदात गुंडाळली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

"चल पोरी. तोंडाला रुमाल धर."

"तिथे काय सांगणार आहात?" रोफिकी दारात आडवा आला. "माझं नाव घेणार? एप्पाक, मी विचारतोय. घेणार का माझं नाव?"

मुहदारांनी त्याला कोपराने बाजूला केलं, लारासचं मनगट उघड्या हाताने घट्ट धरलं आणि गटार ओलांडून ते चालू लागले.