आठव्या होलवरचा पाचवा फटका

देवासच्या औद्योगिक वसाहतीपलीकडे, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मोकळ्या जमिनीवर, नऊ होलचे गोल्फ मैदान आहे. मैदान म्हणायचे ते सवयीने. गवत पावसाळ्यापुरते, एरवी मुरूम, बाभळी आणि शेळ्या. होलभोवती जिथे हिरवळ असायला हवी, तिथे तेलात कालवलेली वाळू दाबून बसवली आहे. मानसिंगराव या जागेला 'आपला क्लब' म्हणत, आणि तिथे खेळणाऱ्यांविषयी शक्यतो काहीच म्हणत नसत. त्यांचा चेहराच पुरेसे बोलत असे.

घराणे मूळचे धारचे, पणजोबा दरबारातले. स्वतः मानसिंगराव पाटबंधारे खात्यात हयात घालवून सदुसष्टाव्या वर्षी कंबरदुखी बाळगून होते. खेळ त्यांचा बेताचाच होता. पण नियमांचे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला त्या मैदानावरचा एकमेव माणूस तेच, आणि हे ते कुणाला विसरू देत नसत. पुस्तकाचा अर्क काढून त्यांनी एका पत्र्यावर शुद्ध मराठीत रंगवून घेतला होता: चेंडू जिथे थांबला तिथूनच मारावा. मारण्याच्या इराद्याने फिरवलेली काठी हवेतून गेली तरी फटका मोजावा. हरवलेला चेंडू तीनच मिनिटे शोधावा. तो न सापडल्यास किंवा हद्दीबाहेर गेल्यास मागच्या जागी परतून, एक फटका दंड धरून, पुन्हा मारावा. आणि एकूण फटक्यांची स्पर्धा असेल तेव्हा प्रत्येक होलमध्ये चेंडू पाडल्याखेरीज पुढच्या होलचा पहिला फटका मारू नये. मारल्यास खेळाडू बाद.

पत्रा लागला त्या दिवशी उमाशंकर ठेकेदाराने त्याच्याकडे मान वर करून पाहिले. "रावसाहब, ये हिंदी में नहीं है क्या?"

"हिंदीत असता तर पाळला असता?"

"नहीं भिया, पढ़ तो लेते!"

पाळणारा कुणीच नव्हता. उमाशंकर बाभळीखालचा चेंडू बुटाच्या टोकाने मोकळ्यावर आणी आणि वर आकाशाकडे पाही. क्लबचे सचिव धवल डॉक्टर दातांचे, त्यामुळे हात हलका, चेंडू हरवला की खिशातला दुसरा अलगद खाली सोडून "मिल गया!" म्हणून ओरडत. आणि होलजवळ आलेला चेंडू तर सगळेच एकमेकांना 'दिया, दिया' म्हणून बहाल करीत. दोघेच समोरासमोर एकेक होल जिंकत खेळत असतील तर असा फटका देता येतो, एरवी नाही, हे मानसिंगरावांनी इतक्यांदा सांगितले होते की आता ते सांगायला लागले की लोक चहा मागवीत.

दिवाळीनंतरच्या रविवारी वार्षिक कप असे. गेली अकरा वर्षे मानसिंगराव तो हरत आले होते, कारण अकरा वर्षे स्वतःचे सगळे फटके मोजणारे ते एकटेच होते. विजेत्यांच्या लाकडी फळ्यावर त्यांना एकदा, एकदाच, आपले नाव हवे होते. यंदाची खेप शेवटची, कंबर याउपर साथ देणार नाही, असे त्यांनी घरी सांगून टाकले होते.

त्या दिवशी त्यांच्या गटात उमाशंकर होता आणि धारहून आलेला त्यांचा भाचा शुभंकर. एकाचे कार्ड दुसऱ्याने लिहायचे, या रीतीप्रमाणे उमाशंकरचे कार्ड मानसिंगरावांच्या हाती आले आणि त्यांचे शुभंकरच्या.

उमाशंकरची ती सकाळ वाईट गेली. चौथ्यावर काठी हवेतून फिरली.

"प्रॅक्टिस थी, रावसाहब."

"सरावाला इतका घाम येत नाही. एक धरला."

"हद है!"

"हद्द पांढऱ्या खुंट्यांपर्यंत आहे. चला."

मानसिंगराव मात्र सुंदर खेळले. प्रत्येक फटक्यागणिक ते उजव्या खिशातला एक चिंचोका डाव्या खिशात टाकीत. आठव्यावर त्यांचा चौथा फटका होलपासून वीतभर अंतरावर थांबला. ते कंबरेवर हात ठेवून हळूहळू जाऊन पोहोचण्याआधीच शुभंकर वाकला, चेंडू उचलला, रुमालाने पुसला आणि दोन्ही हातांनी मामांपुढे धरला. त्या घरात वडीलधाऱ्यांना कुणी वाकू देत नसे. पडलेला चष्मा, जोडे, काठी, जे काही जमिनीवर असेल ते लहानांनी उचलून हातात द्यायचे. मानसिंगरावांनी चेंडू घेतला, तसे आजवर सगळेच घेतले होते, आणि नवव्याकडे वळून त्या दिवसातला सर्वांत लांब फटका मारला.

खेळ संपल्यावर धवल डॉक्टरांच्या टेबलाशी सगळे जमले. उमाशंकर चव्वेचाळीस. इतर सगळे त्याच्या मागे. मानसिंगरावांच्या कार्डावर त्रेचाळीस. कप त्यांचा होता. फक्त सही करायची होती.

पण सही करण्याआधी त्यांनी खिशातले चिंचोके टेबलावर ओतले. बेचाळीस भरले.

"शुभंकर, आठव्यावर पाच का?"

"पाचच ना, मामासाहेब."

"चार. एक साधे कार्ड लिहिता येत नाही तुम्हां पोरांना! चार आणि एक याच्यापुढे शाळेत गेला होतास की नाही? सगळ्यांसमोर सांग, पाचवा कुणी मारला?"

शुभंकर लाल झाला. "कुणीच नाही, मामासाहेब. तो मी धरून टाकला. पडणारच होता ना. आपको झुकना न पड़े म्हणून मी उचलून दिला."

पत्र्यावरच्या ओळी न वाचलेल्यांनाही त्यांतली शेवटची, चेंडू न पाडता पुढे गेल्यास बाद, ही पाठ होती. ऐकून ऐकून झाली होती.

प्रथम बोलला तो उमाशंकर. "अरे रावसाहब, एक बित्ते का तो था! छोड़ो. चलता है."

"बिलकुल चलता है," धवल डॉक्टर म्हणाले. "आप साइन करो, फिर पोहे खाते हैं. किसी को आपत्ति नहीं."

मानसिंगरावांनी त्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिले. कुणाच्याही डोळ्यांत कुचेष्टा नव्हती. ती असती तर बरे झाले असते. ही माणसे त्यांना मनापासून माफ करीत होती, बुटाने चेंडू सरकवणारी आणि खिशातून चेंडू सोडणारी. सही केली की फळ्यावर नाव लागणार होते. आणि पुढच्या रविवारी बाभळीखालून चेंडू बाहेर काढून उमाशंकर, आकाशाकडे न पाहता, थेट त्यांच्याकडे पाहणार होता. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी त्यांना या माणसांपैकीच एक होऊन बसावे लागणार होते. या माणसांना तुच्छ लेखणे हा त्यांच्या निवृत्तीतला एकमेव नियमित आनंद होता. एका फळ्यापायी तो सोडायचा म्हणजे फारच झाले.

त्यांनी पेन उचलले, स्वतःच्या नावापुढे ठळक अक्षरांत 'बाद' लिहिले आणि कार्ड डॉक्टरांपुढे सरकवले.

"आपल्या परवानगीने चालायला मी काही आपला पेशंट नाही, डॉक्टरसाहेब."

कप उमाशंकरला मिळाला. त्याच्या चव्वेचाळीस फटक्यांमध्ये एकही लपवलेला नव्हता, कारण मानसिंगरावांनी एकही लपू दिला नव्हता. उमाशंकर ते अप्रूप ज्याला त्याला सांगत हिंडला. "असली चव्वालीस है भिया, पूछ लो रावसाहब से!" मानसिंगरावांना प्रत्येकाला "होय, खरे आहेत" असे सांगावे लागले. सात-आठ वेळा तरी सांगावे लागले.

परतताना शुभंकर खाली मान घालून मागे चालत होता. मोटारीपाशी त्याने भीतभीत काठ्यांच्या पिशवीकडे हात नेला आणि अर्ध्यावर थांबला.

"घे, घे," मानसिंगराव म्हणाले. "पिशवीबद्दल नियमात काही नाही."