आबांची पाटी आणि पाव्हणे

कपिलधार देवस्थानाच्या रस्त्याला शेतात दोन खोल्या बांधल्या, पाव्हण्यांना भाड्यानं द्यायला लागलो, आणि तेव्हापासून किस्से इतके साचलेत की कुणी चहाला बसलं की एखादा सांडतोच. आता तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

खोल्या माझ्या, पण गेटावरची नियमांची पाटी आबांची, म्हणजे माझ्या वडलांची. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "एक जरी नियम मोडला तर दोन्ही खोल्यांत कडबा भरीन!" आबा बोलले की करतात. माझं घर चालतंय ह्याच खोल्यांवर.

उन्हाळ्यात पुण्याची एक फॅमिली आली. आल्या आल्या प्रश्न, "पोहायला विहीर आहे ना?"

आबा म्हणाले, "हाय. पण पोहायला बंदी."

साहेबांनी विहिरीत डोकावून पाहिलं. "अहो, ह्यात पाणीच नाही!"

"मंग बंदी पाळायला सोपं गेलं की न्हाई?"

\* \* \*

एकाचा फोन आला. "आमी पाच जण, आन् एक बोकड. कंदुरीचा नवस फेडायला चाललोय."

मी म्हणालो, "भाऊ, पाळीव प्राणी चालत न्हाईत."

"पाळीव कुठं हाय? उद्या कापायचाय!"

आपण तर फोनच ठेवून दिला.

\* \* \*

दारूचं तर विचारूच नका. एका पार्टीला मी गेटावरच सांगितलं, "आत बाटली न्यायची न्हाई."

"न्हाई नेत, मालक," असं म्हणून चौघं तिथंच मांडी घालून बसले. "हितंच संपवून येतो!"

\* \* \*

मग एका पुढाऱ्याचा कार्यकर्ता आला. साहेब दोन तास आराम करणार होते. पाटीवर लिहिलंय, एका खोलीला एकच गाडी. ह्याचं म्हणणं, जेसीबी आत घ्यायचा, वरून साहेबांवर फुलं उधळायची.

मी म्हणालो, "दादा, गेट लई लहान हाय."

"टेन्शन कावून घेता? गेट पाडायला जेसीबी हायच की!"

\* \* \*

आणि हा परवाचा. 'लग्नाच्या दाखल्याशिवाय जोडप्याला खोली नाही,' हा आबांचा सगळ्यात लाडका नियम. भर दुपारी सत्तरीच्या पुढचं एक जोडपं दर्शन करून आलं. आजोबा घामाघूम, आजी लंगडत. आबांनी हात पुढं केला, "दाखला?"

आजोबा म्हणाले, "अवो, नातवाला पोरगी झाली! आता कसला दाखला?"

"नियम म्हंजे नियम."

मी मध्ये पडलो, "आबा, म्हातारी माणसं हायत."

"कडबा भरू?"

मी मागं सरलो. खरं सांगतो, लई लाज वाटली स्वतःची. ती दोघं पिशव्या उचलायला लागली.

तेवढ्यात पिठाच्या हातानं आई बाहेर आली. "अवो, आपला दाखला कुठं हाय?"

आबा चपापले. "आपल्या वक्ताला असला कागद कुठं व्हता?"

"मंग तुमची बाज गोठ्यात टाकते. बिनदाखल्याचा माणूस मला बी घरात चालत न्हाई!"

आणि तिनं ओट्यावरची बाज खरंच ओढायला घेतली की! आबांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा पाटीकडं, आणि मुकाट्यानं खिशातली चावी काढून पुढं केली.

आजींनी चावी घेतली, नवऱ्याकडं जरा निरखून पाहिलं आणि आईला विचारलं, "बाई, गोठ्यात अजून एक बाज मावंल का वो?"