बेबीकाकूकडं दाखवलेलं बोट

टाकी आडवी केली नं त्या बाईनं, तं पान्यासंगं अळ्याच अळ्या पडल्या फरशीवर. वळवळ वळवळ. माझ्या चपलेवर आल्या, मी ओरडली, पाय झटकला. तिकडं दवाखान्यात माझी पिहू सलाइनवर, जवळ तिचा बाप. डेंगू. तीन वर्षाची पोट्टी. मी फक्त तिचे कपडे न्याले घरी आली होती, तं डासाची तपासणी करणाऱ्या बाई अंगणात उभ्या. "ताई, कोणाची होय ही टाकी?" दारात माझी सासू. सकाळीच दवाखान्यात म्हणाली होती, "ज्याच्यानं माझ्या नातीले हे झालं, त्याले मी ह्या घरात राहू देणार नाही." मी तिच्याकडं पाह्यलं. अन् बोट आपोआप उठलं, बाजूच्या घराकडं. "बेबीकाकूची होय," मी म्हटलं, "त्यायनंच आणून ठेवली."

बेबीकाकू कोण, ते तुम्हाले सांगाच लागन. आम्ही नागपूरच्या कडेले, बेसाले राहाले आलो तवा घर तेवढं झालं होतं, अंगणात नुसता मलबा. विटाचे तुकडे, फुटक्या टाइल्स, सिमेंटचे गोटे. बगीचा कराले माळी कुठून आणता? पहिल्याच दिवशी कंपाउंडवरून एक बुढी डोकावली. हातात प्लास्टिकची पन्नी. "हे पाह्य वं, सोनं आणलं." मी पाह्यलं तं पन्नीत केस! न्हाव्याच्या दुकानातले. काळे, पांढरे, मेंदीचे, कोणाकोणाचे देव जाणे. झाडाले खत म्हणून त्या केसात तिनं शेण टाकलं, अन् हातानंच कालवलं, जशी मी भाकरीचं पीठ मळते. मंग त्याच हातानं माझ्या पिहूचा गाल धरला. मी पोट्टीले मोरीत नेऊन घासली. मले ओकारी येऊन राहिली होती अन् काकू तिकडून हसून राहिली, "नाक काय दाबून राहिली वं? तू का नाकानं झाडं लावतं?"

तशीच होती ती. झाडाले घालाले मच्छीवाल्याकडून मासे धुतलेलं पाणी कॅनमध्ये आणे, ऑटोवाले तिले बसवत नसत, मंग पायी येई. पदराले शेण पुसे, त्याच पदरानं तोंड पुसे. चहाले आली की माझ्या अंगावर शहारे येत. मी तिच्यासाठी कान तुटलेला कप वेगळा ठेवला होता. तिले समजत होतं, बरं का. एक दिवस कप फिरवून फिरवून पाह्यला अन् म्हणाली, "हाच बरा आहे. उद्या फुटला तं मी ह्याच्यात ओवा लावीन."

पण बगीचा! काय सांगू तुम्हाले. सारा फुकटातला. आपल्या नागपुरात घरोघरी कूलर, अन् कूलर सडला की पत्रा भंगारात. काकू भंगारवाल्याच्या आधी पोचे. खालच्या टाक्या घेऊन येई, भोकं बुजवे, गंज घासे, अन् एकात झेंडू, एकात पालक, दोन-तीनात पाणी भरून कमळ. जुन्या कूलरचं गवत झाडाच्या बुडाशी टाके, उन्हाळ्यात ओल टिकाले. कोणाच्या दारात गेली की फांदी घेऊन येई. मी म्हटलं, "विचारून आणता का काकू?" तं म्हणे, "मी विचारतो वं, पण झाडाले."

माझं अंगण तिनंच सुरू केलं, मले न विचारता. फुटक्या टाइल्स मांडून वाट केली, मलब्याचा ओटा केला. मी पहिले काडीनं माती टोचे. मंग मोगऱ्याच्या कलमाले एक पान फुटलं, तांदळाच्या दाण्याएवढं. त्या दिवशी मी पाच वेळा पाह्याले गेली. पोळी जळली. अन् मंग मी गेलीच कामातून, पाहा. तोंडाले ओढणी बांधून मी स्वतः न्हाव्याकडं गेली, "भाऊ, केस द्या न." तो हसून हसून बेजार. सासू म्हणे, "एक पागल बाजूले होती, आता घरात झाली." किळस तं यायचीच, पण हात थांबत नव्हते.

एक टाकी माझ्या अंगणात ठेवून काकूनं तिच्यात मले कमळाचा कांदा लावून देला. अन् आपल्या टाकीतले गप्पी मासे डब्यात आणून सोडले. "ह्यायले काढजो नको वं पोरी. हे अळ्या खातात तं मच्छर होत नाही. पोट्टी आहे घरात."

चार दिवस बरं चाललं. मंग एक मासा मेला. पोट वर, पांढरा, फुगलेला, अन् त्याचा वास! मले राहवलं नाही. चहाची गाळणी घेतली अन् सारे काढले, जिते पण. नालीत फेकले. गाळणी पण फेकली. काकूनं कंपाउंडवरून विचारलं, "मासे कसे आहेत वं?" मी म्हटलं, "मजेत आहेत काकू."

अन् मंग पिहूले ताप आला.

तं मी बोट दाखवलं अन् बाई गेल्या काकूकडं. एकएक टाकीत टॉर्च मारला. एक अळी नाही. नितळ पाणी, खाली मासे फिरून राहिले. बाई म्हणाल्या, "आजी, तुमच्याकडं तं काही सापडत नाही, मंग तिकडच्याच टाकीत अळ्या कशा?" काकू माझ्या अंगणात आली. फरशीवरच्या अळ्या पाह्यल्या, मंग माझ्याकडं पाह्यलं. हळूच म्हणाली, "मासे कुठं गेले वं?" मी नालीकडं पाह्यलं. तिनं दारातल्या सासूकडं पाह्यलं.  मंग वळून बाईले म्हणाली, "लिहा बाई. टाकी माहीच होय. मी बुढी, मासे टाकाले विसरली असन."

मी पिहूचे कपडे पिशवीत भरले अन् दवाखान्यात गेली.

संध्याकाळी मी डबा न्याले परत आली, तं काकूचा पोरगा दिनेशभाऊ कामावरून आलेला. कॉलनी जमा झाली होती. भर रस्त्यात ओरडला, "आई, किती वेळा सांगतलं तुले, घाण जमा करतं, लोकाचं लेकरू मराले टेकलं!" साऱ्या टाक्या ओतल्या त्यानं, पत्रा भंगारच्या गाडीत टाकला. मासे डांबरावर तडफडत होते. काकू खाली बसून एकएक मासा लोट्यात वेचत होती. कोणी हात लावला नाही. मी दवाखान्याची पिशवी घेऊन त्या माशातून वाट काढत गेली.

पिहू बरी झाली. आम्ही घरी आलो तवा दिनेशभाऊच्या सांगण्यानं काकू लेकीकडं पुण्याले निघाली होती, तिसऱ्या माळ्यावर, झाड लावाले जागा नाही. ऑटोत बसता बसता एवढंच विचारलं, "पोट्टी जेवून राहिली का वं?" मी म्हटलं हौ. "बस मंग," म्हणाली.

काल दिनेशभाऊ आमच्याकडं आला. म्हणे, "वहिनी, आई तिकडं रडते. दोन घास जेवत नाही, घरी ने म्हणते. पण पिहूकडं पाह्यलं की माझी हिंमत होत नाही. तुम्ही म्हणसान तं आणतो." सासू मेथी निवडून राहिली होती, म्हणाली, "नको गा बावा, तिकडंच राहू दे." मंग दोघं पण माझ्याकडं पाहाले लागले.

माशाचं सांगतलं असतं तं काकू ह्या आठवड्यात घरी आली असती. पण सासूनं मले राहू देलं असतं का? नवरा मायच्या शब्दाबाहेर नाही, मी आठवी शिकलेली, मले माय-बाप नाही, लेकरू घेऊन जाऊ कुठं? मी म्हटलं, "पाहू नं भाऊ." तो गेला. मले माझीच शिसारी येऊन राहिली, शेणाची अन् केसाची आली नव्हती एवढी. आज त्याचा परत फोन येणार आहे. तुम्ही असते तं काय केलं असतं? सांगा नं, काय केलं असतं?