अप्पांनी कुलूप घातलेली विहीर

मुरुडात नाकाच्या बाबतीत माझा हात धरणारा कुणी न्हाई. अप्पा गेल्याचं सांगाया त्यांचा पुतण्या आला, तवा माझ्याम्होरं दूध करपून कोळसा झालं होतं आन मी मजेत तंबाखू मळत बसलो होतो. त्यो म्हणला, "काका, आधी दूध उतरवा. मग सांगतो."

अप्पांचा पेट्रोल पंप, त्याला लागून माझं पंक्चरचं दुकान. शाळेचं मी तोंड बघितलं न्हाई. ट्यूबमधी हवा भरायची, एवढीच विद्या. लातूर नवा जिल्हा झाला, त्याच सुमाराला दुष्काळ पडला. गल्लीतले आड आटले. पाणी होतं ते फकस्त अप्पांच्या विहिरीला, आन पंपाची जमिनीखालची टाकी गळून त्या विहिरीतच डिझेल उतरलं. अप्पांनी टाकी उकरून काढली, विहिरीवर लोखंडी झाकण टाकलं आन सोताच्या हातानं कुलूप घातलं.

मग उपसा चालू झाला. इंजिनानं पाणी हौदात काढायचं, वर तरंगणारं डिझेल गोणपाटानं टिपायचं, खालचं पाणी उन्हात वाळू द्यायचं. बाया रिकाम्या घागरी घेऊन बघत उभ्या. "अप्पा, आमी कोसावरनं पाणी आणतोय, आन तुमी असं वाळवता व्हय?" अप्पा मान खाली घालून गोणपाट पिळायचे. मी शहाणा… म्हणलं, अंघोळीला काय होतंय? गपचूप हौदातली एक बादली अंगावर वतून घेतली. दिवेलागणीला बिडी पेटवाया गेलो तर बायकोनं काडेपेटीच हिसकली. "आज ऱ्हाऊ द्या. भडकाल."

महिन्याच्या महिन्याला अप्पा विहिरीचं पाणी बाटलीत भरून लातूरला तपासाया धाडायचे. एकदा तिकडून कागद आला, पाणी बरं हाय. गल्ली नाचली. अप्पांनी कुलूप काढलं न्हाई. "आता पाणी खोल गेलंय. पाऊस होऊन वर चढलं की दगडात मुरलेलं डिझेल परत निघतंय. माझं नाक तर पंपावर मेलं. तू हुंग रे बबन्या."

हुंगलं. "गुलाबपाणी हाय अप्पा!"

अप्पांनी पंक्चर चिकटवायच्या सोल्युशननं बरबटलेल्या माझ्या हाताकडं बघितलं आन माझ्या बायकोला हाक मारली. कोसावरनं घागरी वाहून तिची मान अवघडलेली. बाटली हुंगली, परत दिली. "हाय अजून. बारीक हाय, पर हाय." तिच्या शब्दावर कुलूप तसंच राहिलं, आन गल्लीनं आमच्या घराशी बोलणं टाकलं.

पाऊस झाला, पाणी चढलं, आन वर रंगीबेरंगी तवंग आला. अप्पांनी झाकण उघडून सगळ्यांना दाखवला. परत उपसा. कुलूप निघालं ते पुढल्या उन्हाळ्यात. अप्पांनी त्या पाण्यानं आधी गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा केली, तांब्याभर सोता प्याले, मग पहिली घागर माझ्या बायकोची भरली.

त्यावरबी बाटली चालूच राहिली. टाक्या नव्या आल्या, गल्लीला नळ आले… अप्पा महिना बदलला की दोरी सोडून बाटली भरायचेच.

परवा त्यांच्या बायकोनं, आक्कांनी, विहिरीवर दोरी आणली. मी झाकण उचललं. आक्कांनी बाटली आधी विहिरीच्याच पाण्यानं विसळून घेतली, अप्पा घ्यायचे तशीच. ते बघितलं आन मला आवरंना… तिथंच वाकून ढसाढसा रडाया लागलो.

आक्का म्हणल्या, "बबन, तिकडं जाऊन रड. बाटलीत पडंल."