बुवांच्या आत्मचरित्रात माझं नाव

आता चहा पुढ्यात आहेच, तर माझी फजितीही ऐकून घ्या. आमच्या मानवत गावातलं कुणी ना कुणी ती तुम्हाला सांगणारच, आणि तिखटमीठ लावून सांगणार. त्यापेक्षा मीच सांगितलेली बरी!

मी धंद्यानं शाळामास्तर, पण हाडाचा पेटीवाला. आणि गवयांची आत्मचरित्रं वाचायचं मला भारी वेड. तुम्ही वाचलीत का कधी? एक वाचा, सगळी वाचल्यासारखीच आहेत. आधी घरात खायला दाणा नाही. मग गुरूंच्या घरी पाणी भरलं, लाकडं फोडली. मग गाणं ऐकून गुरू रडले. तिथून पुढं जो येतो तो रडतच येतो! संस्थानिक रडतात, कलेक्टर रडतात, मोटारीचा ड्रायव्हरसुद्धा गाडी बाजूला घेऊन रडतो. आणि सबंध पुस्तकात गवई एकदासुद्धा बेसूर होत नाही हो! बेसूर होतो तो पेटीवाला.

तर आणीबाणीच्या जरा आधीची गोष्ट. एका बड्या गवयाचं असलंच पुस्तक निघालं. नाव सांगत नाही, आपण बुवा म्हणू. पुस्तकाचं नाव 'खरं तेच गातो'. वाचता वाचता मी गादीवर उठूनच बसलो. आमच्या मानवतच्या मैफलीवर त्यात दीड पान! आणि त्या मैफलीत पेटीवर कोण होतं? अहो, मी!

बुवांनी लिहिलं होतं, "मानवतला वीरभद्रअप्पांच्या कापसाच्या अडतीत मी गायलो. श्रोते ढसाढसा रडत होते. उजाडेपर्यंत एकही माणूस जागचा हलला नाही. यजमान अप्पा तर डोळे मिटून समाधीत गेले होते. पेटीवर एक स्थानिक गृहस्थ होते."

स्थानिक गृहस्थ! रात्रभर भाता मारून माझा खांदा उतरला, आणि मी गृहस्थ? नाव लिहायला शाई महाग झाली होती काय?

बायको म्हणाली, "आलाव न पुस्तकात? मग कशाला जीव जाळून घ्यायलाव?"

"नाव पाहिजे, नाव! तुझ्या वडलांना दाखवायचंय मला."

कारण आमचे सासरे भर पंगतीत मला 'आमचे पेटीवाले जावई' म्हणायचे, आणि सगळी पंगत हसायची. एकदा छापील नाव त्यांच्या ताटापुढं ठेवायचं, एवढीच माझी इच्छा होती.

तेवढ्यात परभणीला बुवांचा सत्कार ठरला. मला बोलायला पाच मिनिटं मिळाली. मी आधीच बुवांना गाठून पायावर डोकं ठेवलं.

"मानवतची पेटी ना?" बुवा हसले. "दुसरी आवृत्ती निघतेय. नाव घालू की तुमचं. आधी भाषण तर होऊ द्या."

कळलं ना? मग काय, मी असा काही सुटलो! "या पुस्तकातला शब्द न् शब्द खरा आहे! मी साक्षीदार आहे!" टाळ्या. अहो, टाळ्या पडल्या की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. पहिल्या रांगेत वीरभद्रअप्पा बसले होते. तेच, समाधीवाले. मी बोट केलं आणि म्हणालो, "माझं सोडा, खुद्द अप्पा इथं आहेत. अप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगावं, यात एक अक्षर तरी खोटं आहे का?"

झालं! स्वतःच्या हातानं धोंडा पायावर पाडून घेतला मी. नुसतं 'खरं ना अप्पा?' विचारलं असतं, तर त्यांनी मान डोलावली असती. भिडेचा माणूस. लग्नात खारट झालेल्या बुंदीलाही 'लय ग्वाड' म्हणणारा! पण अप्पा पडले लिंगायत, एकदा लिंगाला हात लावला की खोटं बोलायची बात नाही. शपथ घातली तर अप्पा खरेदीचा खरा भावसुद्धा सांगून टाकत, म्हणून त्यांची पोरं गिऱ्हाइकाला शपथ घालूच देत नसत. आख्ख्या मानवतला हे ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं!

अप्पा उठले. हात छातीवर गेला. "मास्तर, शपथ घातलाव. आता मला बोलनं आलं."

"बोला अप्पा, बिनधास्त बोला!" हेही मीच म्हणालो.

"लोक रडायलते, हे खरं हाय. मागं आचारी पंगतीसाठी वाळल्या मिरच्या भाजायलता. धूर समदा मांडवात."

सभागृहात खसखस पिकली.

"कुणी हललं न्हाई, हे बी खरं. आवारात कापूस असला की दिवे लागल्यावर आमी फाटकाला कुलूप घालतो. आगीची भीती, चोराची भीती. लोक जातील कुठं?"

मागून कुणीतरी ओरडलं, "अन् किल्ली, अप्पा?"

"माझ्या कमरेला. अन् मला लागली व्हती झोप. समाधी-बिमाधी काय न्हाई. मालकाला उठवावं कसं, म्हनून समदे बसले बिचारे!"

लोक पोट धरून हसायला लागले. बुवांचा चेहरा सत्काराच्या शालीसारखा लालभडक. मला वाटलं, आपण सावरून घ्यावं. "पण अप्पा, गाणं? गाणं तर उत्तम झालं ना?"

अप्पांचा हात अजून छातीवरच होता. ते म्हणाले, "झोप कशानं लागली, ते बी सांगू का?"

"बसा अप्पा! बसा!"

निघताना बुवा माझ्याजवळ थांबले. गोड आवाजात म्हणाले, "मास्तर, तुमचं नाव आता मी विसरणार नाही."

केवढं मोठं मन, मी म्हटलं! दुसरी आवृत्ती निघाल्याचं कळताच पुस्तकाच्या दुकानाला पत्र टाकलं आणि प्रती परस्पर पाठवायला लावल्या. सासऱ्यांना, हेडमास्तरांना, अप्पांना. आपलं कौतुक दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यात मजा असते ना!

अप्पाच पहिल्यांदा आले, पुस्तक घेऊन. "मास्तर, नाव आलंय की! गावासकट!"

मी झडप घातली. अश्रू तसेच. समाधी तशीच. फक्त स्थानिक गृहस्थ गेले होते, आणि तिथं छापलं होतं, "पेटीवर मानवतचे श्री. गोविंद मास्तर होते. त्यांची पेटी रात्रभर बेसूर वाजत होती. मी त्यांना सांभाळून घेत गायलो."

आणि हे एव्हाना सासरे चष्मा पुसून वाचत असणार! माझ्या अंगाची लाही झाली. "अप्पा, सपशेल खोटं आहे हे! तुम्हीच सांगा, बेसूर होती का माझी पेटी?"

अप्पांनी पुस्तक मिटलं. माझ्याकडं बघितलं.

"मास्तर, शपथ घालायलाव का साधं इचारायलाव?"

मी घाईघाईनं म्हटलं, "साधंच विचारतोय, अप्पा."

"मग लय ग्वाड वाजायलती बघा!"