अप्पांच्या कपाचा कान

अप्पांनी चहा सोडलाय, असं आम्ही सगळ्यांना सांगायचो. ते खोटं होतं.

मी सातवीत होते तेव्हा चाकणच्या एका छोट्या वर्कशॉपात पॉवर प्रेसखाली माझ्या वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याशेजारचं आणि मधलं. हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर महिनाभर बंद होता आणि ते शेडमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. कागदावर मात्र ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं आलं, आणि खाली अप्पांचा अंगठा. ज्या माणसाला झोकात सही करता येत होती, त्याचा अंगठा घेतला, कारण सही करायचा हात पट्टीत होता. हा कागद अजून आमच्या लोखंडी कपाटात आहे. आई म्हणते टाकून दे. मी टाकत नाही.

अप्पा वर्षभर घरी होते. आई एका कंपनीच्या कँटीनला लागली, कप-बश्या धुवायला. पहाटे कंपनीची बस पकडायची, दुपारी उरलेल्या पोळ्या पदराखाली घेऊन यायची. त्या वाळलेल्या पोळ्यांचा कुस्करा आम्ही आठवड्यातून चार-पाच दिवस खायचो. पत्र्याची खोली, तिच्यात आम्ही तिघं, आणि घरात हाताबद्दल कोणी बोलायचं नाही. कोणी तसं सांगितलं नव्हतं, पण नाही बोलायचं. पुढे अप्पा एका गोदामाच्या गेटवर वॉचमन झाले आणि डाव्या हातानं गाड्यांचे नंबर लिहायला शिकले.

डाव्या हातानं लिहायचं ठीक. चार लोकांत डाव्या हातानं खायचं-प्यायचं नाही, हा त्यांचा जुना हट्ट. त्यांच्या वडिलांपासूनचा. घरी ते स्टीलच्या फुलपात्रातून चहा प्यायचे, निवू देऊन, दोन्ही हातांत धरून. पण एका नातेवाइकांकडे साखरपुड्याला गेलो, तिथं कानाचा कप आला. अप्पांनी उजव्या हातानं उचलला. कानात घालायचं बोटच नव्हतं. कप कलंडला, चहा सतरंजीवर. मुलीकडच्या एका बाईनं हाक मारली, “अहो, त्यांना बशीत गार करून द्या की, लहान पोरागत!” लोक हसले. वाईट मनानं नव्हे, सहज हसले. अप्पांनी रुमालानं सतरंजी पुसली आणि म्हणाले, “न्हाई, नको आता. मी चहा सोडलाय.”

तेव्हापासून आठ वर्षं ते कुणाच्या दारात चहा प्यायले नाहीत. आमच्याकडे चहा नाकारणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्याच लोकांना कळेल. हळूहळू लोकांनी बोलावणं कमी केलं.

बारावीनंतर मी डिझाइनची प्रवेश परीक्षा दिली. सिरॅमिकला जागा रिकाम्या राहतात म्हणून मला मिळाली, उगाच खोटं कशाला सांगू? चुलत्यांनी विचारलं, “मडकी करायला डिग्री लागती व्हय?” मी म्हटलं, “लागते.” मला तेव्हा स्वतःलाच माहीत नव्हतं.

विद्यापीठ आमच्या घरापासून दोन बस बदलून. वर्गात बाकीच्यांनी आधीच कुठल्या कुठल्या स्टुडिओत चाकावर हात बसवलेला. मी पहिल्यांदा मातीचा गोळा चाकावर ठेवला तेव्हा तो मध्यावर येईचना. एक जण म्हणाला, “रिलॅक्स, मातीशी बोल.” मी मातीशी कशाला बोलू? मी अप्पांना विचारलं. ते म्हणाले, “कोपर मांडीला टेकव. टूल हाललं की जॉब हालणारच.” जॉब म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा. दुसऱ्या दिवशी गोळा मध्यावर आला. शिकवणाऱ्या मॅडमना सांगितलं तर त्या हसून म्हणाल्या, “इंटरेस्टिंग, पण हे लेथ मशीन नाहीये.” कोपर टेकवायला तर त्यांनीही सांगितलं होतं, इंग्रजीत.

दुसऱ्या वर्षी साच्याचं काम आलं. प्लास्टरचा साचा करायचा, त्यात पातळ केलेली माती ओतायची, प्लास्टर पाणी शोषून घेतं आणि कडेला मातीची भिंत धरते. मग जादा माती ओतून टाकायची. हे मला आवडलं. इथं माप होतं. मी ठरवलं, अप्पांच्या हाताचा कप करायचा. त्यांना सांगितलं नाही. ते झोपले असताना, रविवारी दुपारी, त्यांच्या जुन्या व्हर्नियरनं मी उरलेल्या दोन बोटांची जाडी घेतली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. त्या मापाचा कान काढला, साचा केला, कप ओतला, भाजला.

घरी आणला. अप्पांनी कप फिरवून बघितला, बोटं घालायला गेले. जाईनात.

“हे काय, बारशाच्या पोरीचं माप घेतलंस का?”

“तुमचंच घेतलं. व्हर्नियरनं घेतलं.”

“कवा?”

मी कप परत हातात घेतला. मग ते म्हणाले, “अगं येडे, भाजल्यावर आकसत न्हाई का माती? ओतकामात लोखंडसुद्धा आकसतं.”

बारा टक्के आकसते. वहीत होतं. इंग्रजीत वेगात सांगितलेलं मी वेगात उतरवलं होतं, आणि हात कामाला लागले तेव्हा डोक्यात आमच्या घरचंच होतं, ड्रॉइंगवर जे माप, तेच जॉबवर. मशीनवाल्याच्या घरातली पोरगीच ही चूक करणार. वर्गातल्यांनी व्हर्नियर हातात धरला नव्हता, ते अंदाजानं मोठं करत होते आणि त्यांचं बरोबर येत होतं. मला इतका राग आला की तो कप मी मोरीत आपटला. आईनं तुकडे वेचले.

त्या आठवड्यात अप्पा मला आळंदी रोडला त्यांच्या एका जुन्या मित्राकडे घेऊन गेले. तो फाउंड्रीतल्या ओतकामासाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे नमुने, करायचा. त्याच्याकडे वेगळी पट्टी असते, आकसणं धरून खुणा मोठ्या केलेली. दोघांनी मिळून मला माझ्या मातीची पट्टी करून दिली, पितळी. खुणा अप्पांनी डाव्या हातानं कोरल्या. दोन-चार वाकड्या आहेत. ती मी अजून वापरते.

शेवटच्या वर्षी मी हाच विषय डिग्रीच्या प्रोजेक्टला घेतला. गाइड मॅडमनी विचारलं, “युजर कोण?”

“माझे वडील.”

“एक माणूस म्हणजे युजर नाही. फार इमोशनल होतंय हे. मार्केट कुठेय?”

“मॅडम, शिफ्ट सुटताना भोसरीतल्या कुठल्याही गेटवर उभ्या राहा. लोकांचे हात बघा.”

त्या उभ्या राहिल्या नाहीत. मीच राहिले. टपऱ्यांवर बोलायला लागले. एका जणानं अर्धा पंजा वर करून दाखवला आणि म्हणाला, “ताई, कपाचं काय घेऊन बसलाय राव, इथं कागदी ग्लासात मिळतो. तो दातात पण धरता येतो.” सगळे हसले, मीही हसले. मग तोच म्हणाला, “पण सासुरवाडीला कप देतात.”

नवीन कप झाला. कान खाली, रुंद, दोन बोटं आरामात जाणारा. पट्टीनं केलेला, माप बरोबर. अप्पांनी धरला. धरता आला. चहा ओतला आणि दोन सेकंदांत त्यांनी खाली ठेवला.

“आता काय झालं?” मी ओरडलेच.

“धरायला येतंय गं. चटका सोसत न्हाई.”

तुटलेल्या बोटांची उरलेली टोकं कपाच्या भिंतीला टेकत होती. तिथली कातडी पातळ. थंडीत दुखते, गरम लागलं की कळ थेट खांद्यापर्यंत जाते. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं. मी त्यांच्या झोपेत बोटं मोजली, पण जागेपणी एकही प्रश्न विचारला नाही. साखरपुड्यात कप नुसता कलंडला नव्हता, त्यांना भाजलंही होतं. तरी त्यांनी आधी सतरंजी पुसली होती.

मग मी कानाच्या वरच्या टोकाला एक रुंद पाळी काढली, भिंतीपासून बोटभर लांब. टोकं तिच्यावर टेकतात, कपाला लागत नाहीत. आईनं बघून सांगितलं, “पाळी एवढी पातळ ठेवशील तर आठवड्यात टवके उडतील. मी रोज शेकड्यानं धुते, मला सांगू नको.” जाड केली. सहाव्या साच्याला कप जमला.

परीक्षकांच्या ज्युरीच्या दोन दिवस आधी मॅडमनी माझी वही चाळली. झोपेत माप घेताना मी काढलेला अप्पांच्या हाताचा फोटो तिच्यात होता. त्यांचा चेहराच बदलला. “हा! हा मोठा करून लावू. ब्लॅक अँड व्हाइट. ज्युरी हलून जाईल.”

“नाही मॅडम. फक्त कप ठेवणार. आणि चहा.”

“स्टोरीशिवाय हा एक बेढब कप आहे, समजून घे. मार्क जातील.”

“जाऊ द्या.”

काल ज्याला इमोशनल म्हणत होत्या, तेच आज त्यांना भिंतीवर पाहिजे होतं.

ज्युरीच्या सकाळी मी आई-अप्पांना घेऊन गेले. अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. हॉलमध्ये शिरलो आणि समोर माझ्या टेबलामागे तो फोटो. माझ्या छातीएवढा उंच. वहीची स्कॅन केलेली फाइल मॅडमकडे जमा होती, त्यातून छापून आणला होता. अप्पा बघत राहिले. मग त्यांनी उजवा हात खिशात घातला.

“चल,” ते आईला म्हणाले. “जाऊ आपण.”

मी टेबलावर चढले आणि तो फोटो वरून खालपर्यंत फाडला. आवाज झाला चांगला. ज्युरीचे तिघं शेजारच्याच टेबलाशी होते, ते वळले. मॅडम “व्हॉट आर यू डूइंग” म्हणत आल्या.

मी मराठीतच बोलले. “हा हात प्रदर्शनाला ठेवलेला नाही. एका कारखान्यानं न विचारता माझ्या वडिलांचा अंगठा कागदावर घेतला, तुम्ही न विचारता फोटो घेतला. कप बघायचा असेल तर बघा. नाहीतर पुढच्या टेबलावर जा.”

मी टेबलावरून खाली उतरले.  आईनं थर्मास उघडला. कँटीनमध्ये ओतते तसा, कुणाकडे न बघता, तिनं कपात चहा ओतला आणि अप्पांसमोर धरला.

“घ्या. गार होतोय.”

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग हात खिशातून काढला, दोन बोटं कानात, टोकं पाळीवर, आणि उभ्या उभ्या सगळा चहा प्यायले. कप खाली ठेवून म्हणाले, “साखर कमी हाय.”

ज्युरीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, “अजून आहे का चहा?” आईनं त्यांनाही तसल्याच दुसऱ्या कपात दिला. त्यांनी सहज धरला आणि पिता पिता मला आकसण्याबद्दल विचारू लागले. मी पितळी पट्टी दाखवली.

परतीच्या बसमध्ये अप्पांनी तिकिटं काढली. मग म्हणाले, “त्या बाईंनी लावला ते लावला. तू फोटो काढलासच कशाला?”  त्या बाईंइतकाच मला आजही स्वतःचा राग येतो.

मॅडमनी त्यांच्या हातातले मार्क कापले. मला बी ग्रेड मिळाली. मी ती बदलून मागितली नाही.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. आता एका कारखान्यात कप-बश्यांचे साचे करते. अप्पा लोकांकडे जातात तेव्हा पिशवीतून स्वतःचा कप काढतात आणि उजव्या हातानं चहा पितात.