पुसलेला ढावलो

शाळेतील जुन्या व्हिडिओ कॅसेटी संगणकावर उतरवून वर्गासाठी छोट्या क्लिप करण्याचे काम माझ्याकडे होते. ते ऐकून बंजारा तांड्यावरचे एक वृद्ध गृहस्थ लेकीच्या लग्नाची कॅसेट उपरण्यात गुंडाळून हिंगोलीला आले. लेक वारली होती. सासरी निघताना नवरी रडत गाते तो ढावलो, तिच्या आवाजातला, त्यांना हवा होता.

कॅसेट लावली. लेक आईच्या गळ्यात पडून गात होती; ऐकू मात्र सिनेमाचे गाणे येत होते. चित्रीकरणावर ते गाणे चढवताना मूळ आवाज पुसला गेला आहे, हे मी त्यांना सावकाश समजावून सांगितले.

"मीच म्हनलो होतो शूटिंगवाल्याला, रडनं नको, बेस गानं टाक."

"पण त्या वेळी तुम्ही ऐकला असेल ना?"

"न्हाई, गुरुजी. आमी पंगतीत वाढून राहिलो होतो."

मी आवाज बंद केला. पडद्याला नाक लागेल इतके ते पुढे सरकले आणि लेकीच्या ओठांकडे पाहत राहिले.

"मला बापू म्हनली," ते एकदम म्हणाले. "पुन्हा लावा बरं."

मी पुन्हा लावली. ओठ मिटत होते आणि उघडत होते, एवढेच मला दिसले.

"व्हय ना, गुरुजी?"

मी पुन्हा लावली.